आधारची झेरॉक्स परत मिळत नाही, पण नावावर चढलेलं खोटं कर्ज खोडता येतं

प्रश्न विचारणारे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातले, खानापूर तालुक्यातले, नोकरीला पुण्यात. गावी त्यांच्या आईकडे महिन्याभरात दोनदा वसुलीची माणसं येऊन गेली. आईच्या नावावर महिला गटाचं चाळीस हजारांचं कर्ज आहे आणि पाच हप्ते थकलेत, असं ती सांगतात. आई म्हणते, मी कर्ज घेतलेलंच नाही. गृहलक्ष्मीच्या (कर्नाटक सरकारची बायकांना दरमहा पैसे देणारी योजना) वेळी, रेशन कार्डाच्या दुरुस्तीला, गॅसच्या केवायसीला आणि गटाच्या मीटिंगला आधारच्या झेरॉक्स दिल्या होत्या, एवढंच तिला आठवतं. मुलाचा प्रश्न असा: या झेरॉक्स परत कशा मिळवायच्या, आणि आधार नंबर बदलून मिळतो का?

दोन्हींचं उत्तर एकच आहे, नाही. आधार क्रमांक जन्मभर तोच राहतो. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या भागातल्या प्रत्येक घरानं किती झेरॉक्स कुठं दिल्या याचा हिशेब आता लागणार नाही. पण मी एकतीस वर्षं बँकेत काढली. निपाणी, खानापूर आणि बेळगावच्या शाखांत होतो, शेवटची नऊ वर्षं कर्ज आणि वसुलीच्या टेबलावर. त्या अनुभवावरून सांगतो की नुसत्या झेरॉक्सवर कुणाचं फारसं काही जात नाही. झेरॉक्सला जोडीदार लागतो. तो कधी अंगठा असतो, कधी ओटीपी, कधी कोऱ्या कागदावरची सही, आणि बऱ्याच वेळा घरात चहा पिऊन गेलेला ओळखीचा माणूस. तुमच्या आईच्या बाबतीत हा जोडीदार कोण होता हे आधी शोधायचं आहे.

पोलिसात जाण्याआधी हे शोधा म्हणतो त्याला कारण आहे. (खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र थांबायचं नाही. त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि बँकेला कळवायचं.) ‘मी कर्ज घेतलंच नाही’ असं म्हणत माझ्या टेबलासमोर आलेल्या माणसांच्या गोष्टी चार तऱ्हेच्या निघायच्या.

पहिली जामिनाची. येळ्ळूर भागातले एक शेतकरी तावातावानं आले होते. कागद काढल्यावर दिसलं, साडूच्या कर्जाला त्यांनी जामीन म्हणून सही केली होती. ‘सही केली, कर्ज कुठं घेतलं?’ हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. पण कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्याकडं सोसायट्या आणि पतसंस्था गावोगावी आहेत, आणि एकमेकांना जामीन राहणं ही नातीगोती सांभाळायची रीतच आहे. जुन्या सह्या लोक मनापासून विसरतात.

दुसरी नावाच्या घोळाची. एका गावात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेली दोन-तीन माणसं सहज सापडतात. त्यात जुन्या पिढीची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी सरसकट १ जून लिहिलेली. इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर मराठी उच्चाराप्रमाणे, दुसऱ्यावर कन्नड उच्चाराप्रमाणे. १ नोव्हेंबर २०१४ ला जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं, त्यामुळे पत्तेही दोन तऱ्हांनी लिहिलेले. क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या याच गोष्टी जुळवून माणूस ओळखतात. दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नोंदीत येऊन बसतं, आणि त्यात चोर कुणीच नसतो.

तिसरी तऱ्हा सगळ्यात अवघड, आणि तुमच्या आईचं प्रकरण तिथलं असू शकतं. गटातली पुढारी बाई म्हणते, ‘तुझ्या नावावर उचलूया, हप्ते मी भरते, तुला त्यातले दोन हजार.’ बाई फोटो देते, ओटीपी सांगते, पैसे खात्यात पडले की काढून तिच्या हातात ठेवते. चार-पाच हप्ते भरले जातात आणि मग ती पुढारी बाई गावातून दिसेनाशी होते. कर्ज खरं, कागद खरे, फसवणूकही खरी. तक्रार करता येते, पण ती फसवणुकीची. ‘कुणीतरी माझं नाव चोरलं’ अशी तक्रार दिलीत तर पहिल्याच चौकशीत ती कोसळते.

चौथी खरी ओळख-चोरी. बाईला काही माहीत नाही, अंगठा किंवा ओटीपी दुसऱ्याच कामाच्या नावाखाली घेतला आणि रक्कम भलत्याच खात्यात गेली.

म्हणून आईला आधी शांतपणे विचारा. फोनवर नको, घरी जाऊन, शक्यतो बहिणीला किंवा मावशीला बरोबर घेऊन. ‘काय करून ठेवलंस’ अशा सुरात विचारलंत तर ती गप्प बसेल. मी कितीतरी आया अशा पाहिल्यात की पोरगा रागावेल या धाकानं वर्षभर खरं बोलल्या नाहीत आणि तेवढ्यात व्याज वाढत गेलं. नेमकं विचारा: दारात उभं करून कुणी फोटो काढला होता का? मशीनवर अंगठा घेतला होता का? कुणी ‘आलेला नंबर सांगा’ म्हणालं होतं का? खात्यात एकदम मोठी रक्कम येऊन गेली होती का? पासबुक भरून आणा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आईपेक्षा पासबुक नीट देतं.

बरोबरीनं क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आईच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. देशात तो देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लोक फक्त सिबिल बघतात. महिला गटाच्या कर्जासाठी मी हाय मार्कचा रिपोर्ट आधी बघायला सांगतो, कारण मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे अशा छोट्या कर्जांच्या, नोंदी तिथं जास्त भरवशाच्या सापडतात. ऑनलाइन जमत नसेल तर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडून लेखी अर्ज करा. रिपोर्टात नुसता स्कोअर बघू नका. कर्ज कुणी दिलं, कोणत्या तारखेला, आईचं नाव कर्जदार म्हणून आहे की जामीनदार म्हणून, आणि सोबत कोणता मोबाईल नंबर नोंदलाय ते बघा. तिथं अनोळखी नंबर दिसला तर धागा तिथून सुरू होतो.

मग कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी पत्र द्या, पोचसह. कर्जाचा अर्ज, केवायसीचे कागद, काढलेला फोटो, करारनामा, ओटीपी किंवा अंगठ्याची नोंद आणि रक्कम ज्या खात्यात जमा केली त्याचा तपशील मागा. सगळ्यात मोलाचं ते शेवटचं. रक्कम आईच्या खात्यात पडलीच नसेल तर बाजू तुमची. कर्जाचं कार्डही मागा. मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला कार्ड त्याला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. आईला कन्नड वाचता येत नसेल तर ‘मला मराठीत द्या’ म्हणणं हा कुणावर उपकार मागणं नाही.

हे सगळं कळेपर्यंत एक रुपयाही भरू नका. ‘ताई, एक हप्ता टाका, बाकीचं मी बघतो’ असं वसुलीचा पोरगा म्हणेल. तो एक हप्ता पुढं तुम्ही कर्ज मान्य केल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. मी त्या बाजूच्या टेबलावर बसलेलो आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. अशा कर्जाच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायला मनाई आहे, धमकावायला तर कधीच परवानगी नाही. कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेशही निघाला. दारात आरडाओरडा झाला तर व्हिडिओ काढून ठेवा.

नोंद खोटी आहे असं दिसलं की कर्ज देणारी कंपनी आणि क्रेडिट कंपनी, दोघांकडं एकाच दिवशी तक्रार घाला. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा २०२३ चा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्याचा फोन १४४४८.

पोलिसांचं सांगतो. दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची खूण लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ग (इंग्रजीत 66C) खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. बेळगावात अशा तक्रारी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात घेतात. आपल्या सीमाभागात नेहमीची अडचण हद्दीची असते. सिम चंदगडला घेतलेलं, खातं कोल्हापूरचं, माणूस खानापूरचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यावी लागते. तुम्ही मराठीत सांगणार आणि समोर कन्नडमध्ये लिहिलं जाणार. लिहिलेलं वाचून दाखवणं आणि त्याची प्रत फुकट देणं याच कलमात आहे. वाचून अर्थ समजल्याशिवाय आईचा अंगठा उठवू नका.

आता पुढची काळजी. इथं मी सगळ्यात आधी मोबाईल नंबर घेतो, कारण आज ओळख म्हणजे तो नंबरच झालाय. आपल्या भागात हा प्रश्न थोडा वेगळा आहे. रोमिंगला पैसे पडायचे तेव्हा सीमेवरच्या शिनोळीपलीकडं जाणारा प्रत्येक जण दोन सिम बाळगायचा, एक कर्नाटकाचं आणि एक महाराष्ट्राचं. नंतर एक बंद पडलं. पण बँकेत, आधारला, एलआयसीच्या पॉलिसीला तोच जुना नंबर राहिला. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येतो. तुमच्या खात्याचे ओटीपी मग एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजायला लागतात. खानापूरच्या शाखेत असताना एका निवृत्त शिक्षकांचं पेन्शन खातं मी याच कारणानं गोठवलं होतं. नवा नंबरवाला सज्जन निघाला, त्यानंच येऊन सांगितलं. दर वेळी असं नशीब लाभत नाही.

दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, यादी येते. जो नंबर आपला नाही त्यावर तसं कळवता येतं. एका माणसाच्या नावावर आपल्याकडं जास्तीत जास्त नऊ सिम चालतात. यादीत पाच दिसली आणि घरात तीनच असतील तर बाकीची दोन कोण वापरतंय ते शोधा. आईच्या नावावरचं सिम भाच्यानं नेलं असेल तर तेही शोधा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवून सिम घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. पोलीस मात्र पहिल्यांदा येतात ते ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्या दारात.

दुसरी काळजी अंगठ्याची. आधारवरून पैसे काढायच्या सोयीत बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर रक्कम निघते, ओटीपी येत नाही. २०२३ मध्ये मंगळूर भागात दस्त नोंदणीला अंगठे दिलेल्या लोकांच्या खात्यातून असेच पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. दस्तावरच्या ठशावरून नकली अंगठा तयार होतो, हे तेव्हा सामान्य माणसाला कळलं. यावर उपाय म्हणजे आधारचं बायोमेट्रिक लॉक. अॅपवरून किंवा वेबसाइटवरून ते फुकटात होतं.

पण सरसकट ‘लॉक करा’ असं मी सांगत नाही. आई दर महिन्याला रेशनला अंगठा देते. लॉक असेल तर मशीन नाकारणार, मग रांगेत उभं राहून तुम्हाला पुण्याला फोन, तुम्ही मीटिंगमध्ये, आणि ती रिकामी पिशवी घेऊन परत. तुमचं स्वतःचं लॉक आजच करा, तुम्हाला अंगठा वर्षातून एकदा लागत असेल. आईसाठी मी दुसरी वाट सुचवतो. शाखेत जाऊन आधारवरून पैसे काढायची सोय तिच्या खात्याला बंद करता येते का विचारा. शिवाय गृहलक्ष्मीचे दोन हजार ज्या खात्यात येतात त्यात तेवढेच राहू द्या, साठवणीचे पैसे दुसऱ्या बँकेत, आधार न जोडलेल्या खात्यात ठेवा. खात्याला आधार जोडण्याची सक्ती सरकारी अनुदान घेणाऱ्यांपुरती आहे. त्यामुळे चोराच्या हाती अंगठा लागला तरी तिजोरी लागणार नाही. गेल्या सहा महिन्यांत आधार कुठं कुठं वापरला गेला ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं. घरी आलात की आईसोबत बसून ती यादी बघा. त्यात रात्री दोन वाजताची नोंद असेल तर ती रेशनची नाही.

झेरॉक्सबद्दल थोडक्यात. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून घ्या. लॉज, भाडेकरार, खासगी क्लास अशा ठिकाणी तेच द्या. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळूर कार्यालयानं ‘झेरॉक्स देत फिरू नका, मास्क्ड द्या’ असं पत्रक काढलं होतं, आणि गोंधळ नको म्हणून दोन दिवसांत ते मागं घेतलं गेलं. पत्रक मागं गेलं तरी सल्ला चांगलाच होता. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर फोटोच्या कडेवरून आडवं लिहा: ‘फक्त गॅस केवायसीसाठी’, तारीख, सही. मराठीत लिहिलं तरी चालतं. यानं चोर थांबत नाही, हे मान्य. पण तीच प्रत उद्या कर्जाच्या फाइलमध्ये निघाली तर भांडण एका कागदात मिटतं. असं एकदा झालेलं मी स्वतः पाहिलंय. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल समोर उभं राहून पुसायला लावा. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या गर्दीत संकोच वाटतो, तरीही लावा.

आणि कन्नड फॉर्म. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण आपल्या म्हाताऱ्या माणसांचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. फॉर्म वाचता येत नाही, म्हणून भरणारा जो कुणी असेल त्याच्यावर विसंबायचं. तो बोट दाखवेल तिथं सही. एका पिशवीत तीन फॉर्म असतात आणि बाईला वाटतं एकच आहे. माझ्या घरी मी नियम केलाय: सही करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो, आणि तो फोटो घरातल्या कन्नड वाचणाऱ्या मुलाला पाठवायचा. आता गावातली बहुतेक पोरं शाळेत कन्नड शिकतात. शेजारची आठवीतली मुलगीसुद्धा ‘ह्यात साल लिहिलंय आजी’ म्हणून सांगेल. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. माझ्या शेजारच्या एका आजी वर्षाचा आकडा समजून तिथं अंगठा लावायला निघाल्या होत्या.

फोनवर आलेली लग्नपत्रिका, दंडाची पावती किंवा योजनेची यादी एपीके फाइल (फोनमध्ये अॅप बसवणारी) म्हणून आली असेल तर उघडायची नाही, ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी.

शेवटी एक गोष्ट, आईच्या वयाकडं बघून. ‘तुमच्या आधारवर कुणीतरी सिम घेतलंय, त्यावरून गुन्हा झालाय, आम्ही पोलीस बोलतोय’ असा व्हिडिओ कॉल येतो. ओळख चोरीला जाण्याची भीतीच त्यांनी हत्यार केलीय. आपल्याच खानापूर तालुक्यात मार्च २०२५ मध्ये असल्या छळातून एका वृद्ध दांपत्याचा जीव गेला. त्या दिवसापासून मी भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाला सांगतो की फोनवर अटक असा प्रकार कायद्यात नाही. आईला हे आत्ताच, तिच्या शब्दांत सांगा: असा फोन आला की काही न बोलता ठेवायचा आणि मला लावायचा, मी रागावणार नाही.

या शनिवारी रात्रीच्या गाडीनं गावी या. पासबुक भरा, हाय मार्कचा रिपोर्ट मागवा, कंपनीच्या पत्राची पोच घ्या. रक्कम कोणत्या खात्यात पडली ते कळलं की इथं लिहा, पुढचं पत्र कसं लिहायचं ते मी सांगतो. खाते क्रमांक आणि आधार क्रमांक मात्र इथं टाकू नका.